रूढी, कायदा आणि शिवेचा साक्षीदार

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या महाविद्यालयांतून एक नवा विषय आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'भारतीय ज्ञान प्रणाली' अभ्यासक्रमात आणली आणि ती इतिहासाच्या माणसाने शिकवावी असे बऱ्याच ठिकाणी गृहीत धरले गेले. मीही शिकवतो. या विषयाच्या निमित्ताने जी चर्चासत्रे भरतात त्यांत एक सूर वारंवार लागतो. इंग्रजांनी आमची देशी न्यायव्यवस्था मोडली. आमची गावे आपले तंटे आपणच सोडवीत. रूढी हाच आमचा कायदा होता, आणि आजच्या न्यायालयांनी पुन्हा त्या लोकज्ञानाकडे वळले पाहिजे. टाळ्या पडतात. मग चहा होतो.

मागच्या बाकावर बसून मी एकच प्रश्न मनात घोळवीत असतो. ही जी 'आमची' रूढी, ती नेमकी कोणाची? गावाने सोडवलेल्या तंट्यात चावडीवर कोण बसला होता आणि चावडीखाली हात जोडून कोण उभा होता?

पण हा प्रश्न विचारून मोकळे होणेही मला पुरेसे वाटत नाही. आपल्या चळवळीतले अनेक कार्यकर्ते म्हणतात, रूढी म्हणजे मनुस्मृती, कायदा म्हणजे संविधान, विषय संपला. संविधानावर माझी निष्ठा कोणाहून कमी नाही. परंतु इतिहास पाहिला तर आधुनिक कायद्याने रूढी सरसकट नाकारली असे दिसत नाही. त्याने रूढीतून निवड केली. कोणती रूढी उचलली, कोणती टाकली, कोणाकडून तिचा पुरावा मागितला आणि कोणाकडून मागितलाच नाही, हा खरा प्रश्न आहे. तो मला पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटला, म्हणून घरापासूनच सुरुवात करतो.

माझा आजा अंबड तालुक्यातल्या एका गावचा येसकर. त्या वेळी जालना जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. अंबड औरंगाबाद जिल्ह्यात आणि मुलूख निजामाचा. पाळीने येसकरकी यायची. वेशीची राखण, सरकारी माणसाची वर्दी, मेल्याचा सांगावा, सारा घेऊन जाणाऱ्याच्या पुढे काठी वाजवीत चालणे, ढोर ओढणे. ही कामे पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिली आहेत. एका कामाबद्दल मात्र फार कोणी लिहीत नाही, आणि आजा सगळ्यांत जास्त त्याच्याबद्दलच बोलायचा. ते म्हणजे शीव राखणे.

गावाची शीव त्याला तोंडपाठ होती. कुठल्या ओढ्याच्या कुठल्या काठाने ती जाते, कुठल्या चिंचेला वळसा घालते, तीन गावांच्या शिवा एकत्र येतात तिथला धोंडा कोणत्या बांधात बुजला आहे, हे तो ओट्यावर बसून सांगे. ओढ्याने पात्र बदलले तरी शीव बदलत नाही. जुन्या पात्रातली वाळू अमुक हात खाली लागते, हेही त्याला ठाऊक. त्याच्या बापाने त्याला लहानपणी शिवेवरून चालवले होते. चालता चालता एखाद्या खुणेपाशी थांबवून बाप कानाखाली एक वाजवायचा. का, तर मार विसरत नाही आणि मारासोबत जागाही विसरत नाही! अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही पद्धत नाही, पण सत्तर वर्षांनंतरही आजाला ती प्रत्येक जागा आठवत होती.

हे ज्ञान कायद्याच्या दृष्टीने बिनमोल नव्हते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेतल्याचे निवाडे पेशवाईतल्या आणि त्याआधीच्या कागदांत आहेत. कधी त्याला शीव चालून दाखवण्याचे दिव्य करावे लागे. ठरलेल्या दिवसांत त्याच्या घरात मरण वा मोठे दुखणे आले तर साक्ष खोटी ठरे. म्हणजे ज्ञान त्याचे, जोखीमही त्याचीच, आणि निवाडा झाल्यावर जमीन मात्र या पाटलाची की त्या पाटलाची एवढेच ठरायचे. शिवेच्या अलीकडे त्याचे काही नव्हते आणि पलीकडेही नव्हते. त्याच्या साक्षीवर विश्वास बसण्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

गंमत अशी की ज्या मनुस्मृतीचे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्या आठव्या अध्यायातही हे दिसते. शिवेच्या वादात शेजारच्या गावचे साक्षीदार मिळेनात तर राजाने पारधी, पाखरे धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, गारुडी, सांडलेले दाणे वेचणारे आणि रानात फिरणारे इतर लोक यांना विचारावे, असे तिथे सांगितले आहे. शूद्राने वेद ऐकू नये म्हणणारी व्यवस्था शीव हरवल्यावर रानातल्या माणसाचे ऐकायला तयार होती. कारण रानाचे ज्ञान तिच्याजवळ नव्हते. गरज होती तेवढे ते घेतले आणि माणसाला पुन्हा होता तिथे ठेवले.

हे ज्ञान कायद्यात पुढे कसे मुरले ते पाहू. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली आणि १८७० नंतरच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. मोजणीवाल्यांबरोबर साखळी ओढायला, निशाण धरायला गावचे कामगारच लागत. शीव कुठून जाते हे साहेबाला दाखवणारा माणूस गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याने दाखवले, साहेबाने कागदावर उतरवले. गाव नकाशा झाला, टिपण झाले, सेतवार झाले. त्या दिवसापासून शीव सांगण्याचा अधिकार नकाशाला गेला. १८७२ च्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पुरावा कायद्याने तर कलम ८३ मध्ये सांगूनच टाकले की सरकारच्या अधिकाराने झालेला नकाशा अचूक आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. नकाशाने खोटे सांगितले तरी त्याच्या घरात कोणी मरत नाही.

याबद्दल मी तक्रार करीत नाही. कागद आला म्हणून दिव्य गेले, हे चांगलेच झाले. तक्रार वेगळी आहे. साक्षीचा मान कागदाने घेतला, पण शीव राखण्याचे, धोंडे सांभाळण्याचे, वर्दी देण्याचे काम त्याच माणसाच्या गळ्यात राहिले.

इथे वतनाकडे वळावे लागते. महाराला गावकीबद्दल हाडकी-हाडोळ्याची जमीन, खळ्यावरचे बलुते आणि काही हक्क होते. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जात असे. सनद खरी की दंतकथा, हा वाद विद्वानांवर सोडू. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की आपल्या पूर्वजांनीही आपली बाजू रूढी म्हणून, सनद म्हणून, हक्क म्हणून मांडली होती. भीक म्हणून मांडली नव्हती. मढ्यावरचे कापड आणि मेल्या ढोराचे कातडे यांना 'हक्क' म्हणावे लागणे ही विटंबना खरीच. आणि त्या हक्कांच्या आधारावर आपण मांगांना खळ्यावरून हटवले, दोन्ही जातींत पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या झाल्या, हेही आपण आपल्या नियतकालिकात लिहिले नाही तर कुठे लिहायचे?

जालना निजामाकडे असल्यामुळे मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. पण गावगाडा एकच होता, आणि कायद्याने त्याचे काय केले ते मुंबईकडच्या कागदांतच स्वच्छ दिसते. १८७४ च्या मुंबईच्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, म्हणजे वतन कायद्याने, रूढीने चालत आलेल्या चाकरीला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त महार वतनाची चिरफाड केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा मुद्दा असा होता की या चाकराच्या कामाला ना तास ना मर्यादा; दिवसरात्र केव्हाही बोलवावे, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने यावे; आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर. बलुते रयतेने दिले नाही तर चाकर काम सोडू शकत नव्हता. बाबासाहेबांचे मागणे होते की बलुत्याच्या जागी रोख कर बसवावा आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला ते सोडून आपली जमीन राखता यावी. विरोध एवढा झाला की २४ जुलै १९२९ रोजी विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने वतन जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला परिषद भरवून त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

कायद्याने या रूढीचे काय काय उचलले ते आता मोजून पाहावे. चाकरी उचलली, कारण ती सरकारला हवी होती. चाकरीची वंशपरंपरा उचलली. पण बलुत्याचा हक्क रयतेच्या मर्जीवर राहू दिला, म्हणजे रूढीतला जो भाग आपल्या बाजूचा होता तो 'गावातला आपसातला व्यवहार' ठरला. वतने शेवटी १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने गेली. तेव्हाही, जी जमीन बापजाद्यांनी शतकानुशतके चाकरी करून राखली ती आकाराच्या तिप्पट रक्कम सरकारात भरून परत मिळवायची होती. मुदतीत ज्याने भरली नाही तो आपल्याच जमिनीत बेकायदा ठरला. शहरांजवळच्या अशा जमिनी आज कोणाच्या ताब्यात आहेत हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहावे.

आता महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर वर्षी आठवतो. पण त्याच तळ्यावर जवळजवळ दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसतो. तो दावा संपूर्णपणे रूढीच्या कायद्यावर लढला गेला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. म्हणूनच डिसेंबरच्या परिषदेत पाणी घेणे तहकूब करावे लागले. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची रूढी अनादी काळापासून आहे आणि रूढी हा कायदा आहे. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निर्णय दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारेच. निर्णयाचा गाभा असा की तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही.

हा विजय मोठा. पण ज्या कसोटीवर तो मिळाला ती नीट पाहिली पाहिजे. न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून दावा फेटाळला नाही. रूढी पुरेशी जुनी असल्याचे ठरले नाही, म्हणून फेटाळला. 'स्मरणातीत' ही कसोटी विलायतेची. तिथे रूढीची मुळे ११८९ सालापर्यंत पोचली पाहिजेत असा जुना नियम आहे. महाडच्या सवर्णांना तेवढे स्मरण दाखवता आले असते तर? न्यायालयाच्या दारात आपले पाणी पिणे एका तारखेवर टांगलेले होते. आणि हेही लक्षात घ्यावे की त्याच १८७२ च्या पुरावा कायद्यात, रूढीबद्दल जाणत्या माणसांचे मत केव्हा ग्राह्य धरावे हे सांगणाऱ्या कलम ४८ खाली, उदाहरण म्हणून दिले आहे ते एका गावच्या लोकांचा एका विहिरीचे पाणी वापरण्याचा हक्क! 'गावचे लोक' कोण, हे कायद्याने सांगितले नाही. ते सांगायला महाड घडावे लागले. कलम ३२ मधले एक उदाहरण याहून बोलके आहे. एखादा रस्ता सार्वजनिक आहे की नाही असा वाद पडला, तर मयत पाटलाने पूर्वी काढलेले उद्गार पुराव्यात घेता येतात. कायदा पाटलापुरताच आहे असे नव्हे; येसकराचे उद्गारही तत्त्वतः घेता आले असते. पण कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावचा जाणता म्हणून पाटीलच उभा राहिला. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमात ही कलमे नवे क्रमांक घेऊन आली आहेत. वसाहतीचा कायदा गेला असे आपण म्हणतो खरे.

रूढीतून निवड कशी झाली याचे आणखी एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण ते आपल्या आयाबहिणींचे आहे. आपल्या जातींत विधवेचा पाट लागत असे. ब्राह्मणी रूढीत तो नव्हता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने वरच्या जातींच्या विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण दुसरे लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल असेही लिहिले. ज्या जातींत पाट आधीपासूनच रीतसर होता तिथे हे कलम लावायचे की नाही? अलाहाबादेने नको म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ साली लावायचे ठरवले. जातीची रूढी पाटाला मान्यता देत असली तरी पाट लावणाऱ्या बाईची मिळकत गेली. सुधारणेचा कायदा वरच्यांसाठी झाला आणि त्याचा भुर्दंड खालच्यांनी भरला. रूढीत जिथे आपण त्यांच्या पुढे होतो, तिथे न्यायालयाने आपल्याला मागे ओढले.

हे सगळे बाबासाहेबांना ठाऊक होते. म्हणूनच संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठही धरले आहेत आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढी रूढी शून्यवत ठरवली आहे. सतराव्याने अस्पृश्यता गेली, तेविसाव्याने वेठबिगार गेली. महाडचा दावा आज लागला तर रूढी किती जुनी हे कोणी विचारणार नाही. ती आजची असो वा ११८९ ची, शून्य. रूढीच्या वयाला मिळणारा मान या अनुच्छेदाने काढून घेतला, हे माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम.

आणि तरीही रूढीच्या वयाला मान देण्याची सवय गेलेली नाही. ती कुठे राहिली ते पाहायला मी वाचकांना आमच्या जिल्ह्यातल्या गायरानांवर नेतो.

१९५६ च्या धर्मांतरानंतर माझ्या आजाने काठी वेशीत ठेवली ती पुन्हा उचलली नाही. ढोर ओढणे बंद केले. गावाने बलुते बंद केले. मग खायचे काय? मराठवाड्यात याचे उत्तर गायरान हे होते. १९५३ मध्ये औरंगाबादेत पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे लढे झाले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे बीडकडे एकनाथ आवाडांनी हे काम हाती घेतले. जिथे माणसांनी गावकी टाकून गायरान धरले, तिथे गावाचा राग दुप्पट होता. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत जी घरे जळाली, त्यांच्यामागे विद्यापीठाच्या नावाइतकाच हाही राग होता असे मला वाटते.

आमच्या घराने तीन एकर धरले. खडकाळ रान, वडिलांनी दगड वेचून बांध घातले, त्यात बाजरी, तूर, अलीकडे कापूस. सरकारदरबारी हे अतिक्रमण. गाव नमुना १-ई मध्ये त्याची नोंद होते, दंड होतो, पावती मिळते. पुढे १९७८ च्या आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयांनी मागासवर्गीय भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे धरली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची ती तारीख. पुरावा काय? मुख्यतः दंडाची पावती आणि १-ई मधली नोंद. ज्याला सरकारने गुन्हेगार म्हणून लिहून ठेवले त्याला जमीन, आणि जो वीस वर्षे कसत होता पण ज्याच्याकडे तलाठी फिरकलाच नाही, त्याला काही नाही. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे बाबासाहेबांच्या तसबिरीमागे दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. आमच्या घरी तीन होत्या. त्यांतली एक वाळवीने खाल्ली.

मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग प्रकरणातला निकाल आला. खटला पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचा. धनदांडग्यांनी तळे बुजवून बांधकाम केले होते आणि निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. तो योग्यच गेला. पण निकालाची मांडणी अशी की या देशात अनादी काळापासून गावाच्या सामाईक जमिनी आहेत, त्या सर्व गावाच्या वापरासाठी आहेत, आणि पूर्वजांनी शहाणपणाने ही व्यवस्था राखली होती. म्हणून देशभरातल्या राज्यांनी अशा जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत. भूमिहीन मजूर वा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने पट्टे दिले असतील तर तो अपवाद, असेही त्यात आहे. महाराष्ट्रात १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने अंमलबजावणी सुरू झाली, आणि २०२२ मध्ये प्रश्न उच्च न्यायालयात आल्यावर राज्यभर पुन्हा नोटिसा निघाल्या. वाचला गेला तो निकालाचा पहिला भाग. अपवाद वाचायला आमच्याकडे कोणाला वेळ नव्हता.

महाडला 'अनादी काळापासून' हे दोन शब्द सिद्ध करा असे न्यायालयाने सांगितले होते, दहा वर्षे सांगितले होते, आणि ते सिद्ध झाले नाहीत. जगपालसिंगात तेच शब्द पुराव्याशिवाय मान्य झाले. अनादी काळापासून सर्व गावाचे? मी आजाला विचारले होते, गायरानात आपली ढोरं चरत का? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. आपल्याला ढोरं कुठं होती? मेलेली होती. गावतळ्याचे पाणी सर्व गावाचे होते काय, हे महाडनंतर कोणी कोणाला सांगावे!

कायद्याला तोंडी स्मरण ऐकताच येत नाही असेही नाही. आदिवासींच्या लढ्यामुळे झालेल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, नियम १३ मध्ये, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा म्हणून मान्य आहे. म्हातारा माणूस सांगतो, अमुक कुटुंब अमुक रानात अमुक काळापासून आहे, आणि ग्रामसभा ते लिहून घेते. वनजमिनीसाठी जे शक्य झाले ते गायरानासाठी का होऊ नये? गायरान कसणाऱ्या भूमिहीनासाठी असा एक नियम, एवढीच मागणी घेऊन आपल्या संघटनांनी उभे राहिले तर हजारो वाळवी लागलेल्या पावत्यांचा प्रश्न सुटेल. फक्त तो जबाब कोणासमोर घ्यायचा, हे आपण आधी ठरवले पाहिजे. आमच्या गावच्या ग्रामसभेत तो घेतला तर काय लिहिले जाईल हे मी आताच सांगू शकतो. म्हणून वनहक्काचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. वस्तीची वेगळी सभा आणि गावाबाहेरचा अधिकारी, हे दोन्ही लागेल.

२०१२ साली आमच्या गायरानाची मोजणी झाली. मी तेव्हा एम. ए. ला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. मोजणीवाले यंत्र घेऊन आले, गावची मंडळी आली, पंच म्हणून दोघे आधीच ठरलेले होते. यंत्र उभे राहिले, पण ज्या दगडापासून मोजायचे तो तीन गावांच्या शिवेवरचा दगड सापडेना. तासभर शोधाशोध झाली. ऊन चढले. शेवटी कोणीतरी म्हणाले, म्हाताऱ्याला आणा. ऐंशीच्या घरातला आजा माझ्या खांद्यावर हात ठेवून आला. थोडा वेळ ओढ्याकडे बघत उभा राहिला. मग एका बाभळीकडे बोट करून म्हणाला, "तिच्या बुडात बघा. उगवतीच्या अंगानं." खणल्यावर दोन हातांवर दगड लागला. मोजणीवाल्या साहेबांनी हसून विचारले, बाबा, एवढा पक्का कसा ठावं तुमाला? आजा म्हणाला, "धोंडा काय आपुन हलत नसतो साहेब, माणसं हलवतेत." आणि नकळत त्याचा हात कानाखाली गेला.

पंचनामा तिथेच लिहिला गेला. मी वाचायला मागितला. त्यात होते की पंचांसमक्ष शोध घेतला असता हद्दीचा दगड जागेवर मिळून आला. कोणी दाखवला हे नव्हते. मी साहेबांना म्हणालो, आजोबांचे नाव घाला, ते साक्षीदार आहेत. त्यांनी आधी पंचांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमचे आजोबा हितसंबंधित आहेत. त्यांचं अतिक्रमण आहे ना इथं?"

त्या दगडापासून मोजणी झाली. आमचे तीन एकर पूर्णपणे गायरानात आले. आजा चार वर्षांनी गेला. ती जमीन आज वडील कसतात. नोटीस आली आहे आणि तिच्यासोबत जोडलेल्या नकाशावर त्या दगडाची खूण अचूक आहे.